डीपीवर उरलेला एक जण

६ जानेवारी २०२६, मंगळवार

आज एकच फोन. गुलाबभाऊंना.

सकाळी साडेआठला ओसरीवरचे तिन्ही दिवे पेटले. तिन्ही पेटले म्हणजे मोटरींची लाईन आली. आमचं घर मळ्यात, डीपीच्या म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अगदी बुडाशी, म्हणून हे दिवे आमच्याकडे. चौदा वर्षं हेच चाललं— दिवे पेटले की मी बाराच्या बारा वावरांत फोन करायचे. "लाईन आली, मोटरी चालू करा." फोन करण्यातच तास जायचा! कोणाची सून बाळंत झाली, कोणाची म्हैस आटली, कोण बायकोशी भांडून वावरात झोपलाय— सगळं कळायचं. ह्यांना वैताग यायचा. "चहाचा विचार हाय का गावचाच संसार करतं?" म्हणायचे.

दिवाळीपर्यंत अकरा जणांकडे सोलर आलं. ऊन पडलं की पंप सुरू. मला कोण विचारतो? परवा उत्तमरावची बायको अन्नपूर्णा रस्त्यात भेटली. म्हणाली, "किती दिवस झाले हो वहिनी, आवाजच नाही तुमचा." मोबाईल तिच्या हातातच होता.

९ जानेवारी, शुक्रवार

सोलरला नावं ठेवत नाही, हे इथे लिहून ठेवते. नऊ वर्षांपूर्वी धाकटे भाऊजी रात्रीच्या लाईनीला हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. साप चावला. उजाडेपर्यंत कोणाला पत्ता नाही. लाईन आल्याचा फोन मीच केला होता. तेव्हा सोलर असतं तर माणूस घरात झोपला असता.

म्हणून मला वाईट वाटायला नको. तरी वाटतं. खोटं कशाला लिहू!

१२ जानेवारी, सोमवार

हे जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला गेले. मी घरीच. गुडघा वर उचलवत नाही.

साडेआठला गुलाबभाऊंना फोन. त्यांचं वावर नाल्यापलीकडे, शिवाराच्या टोकाला. बायको तानाबाई गेली त्याला दोन वर्षं होतील. मुलगा प्रसेनजित पुण्याला कंपनीत. हा माणूस एकटा वावरातल्या खोलीत राहतो. सोलरचा फॉर्म भरायचा राहून गेला म्हणतात. यंदा बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावलेत. फोनवर रोज त्याचंच सांगतात. आज म्हणाले, "ताई, बोंडं दिसून राह्यली आता. पांढरं पांढरं व्हईन आठ दिवसांत. करतो चालू." इतक्या उमेदीने सांगतात की मलाच बरं वाटतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आणि डीपी जळाली!

दुपारी धाडकन आवाज. लंगडत बाहेर आले तर तेल खाली गळतंय, वास सुटलाय. ओसरीवरचे दिवे गेले.

पूर्वी असं झालं की तासाभरात सगळे डीपीखाली जमायचे. चेन-पुली, सब्बल, दोर, उत्तमरावचा ट्रॅक्टर. आठ-दहा गडी मिळून ती खाली उतरवायचे, तालुक्याला नेऊन दुसरी आणायचे. अन्नपूर्णा पिठलं करायची, मी चहा. गावात गुलाबभाऊंच्या वस्तीकडे न फिरकणारे लोकसुद्धा डीपीखाली त्यांच्यासोबत एका किटलीतला चहा प्यायचे. शिव्याही एकत्र द्यायचे— लाईनला!

आज कोणीच आलं नाही. कोणाला कळलंही नसेल. त्यांचे पंप चालूच होते.

१५ जानेवारी, गुरुवार

गुलाबभाऊंचा फोन. "ताई, लाईन आली का?" डीपी गेली, म्हटलं. मग म्हणाले, "कवा येईन मंग?"

१७ जानेवारी, शनिवार

लाईनमन येऊन बघून गेला. दुसरी डीपी आहे म्हणाला, पण जळालेली उतरवून तालुक्याला पोचवा. म्हणजे ट्रॅक्टर पाहिजे, आणि माणसं पाहिजेत.

गुलाबभाऊंचा आजही फोन. डोंगळे भर फुलात आहेत, मधमाशी लागली आहे. आता पाणी तुटलं तर बी पोचट राहणार, हे मला कोणी शिकवायला नको. त्यांनी मात्र तक्रारीचा शब्द काढला नाही. फक्त परत तेच— कवा येईन?

२० जानेवारी, मंगळवार

गुडघ्याला पट्टी बांधून घरोघर गेले. उत्तमराव खाटेवर बसून मोबाईल बघत होता.

"वहिनी, एका माणसासाठी डीपी कोण उतरवते? त्यानं सोलर काऊन नाही घेतलं?"

"नाही घेतलं. मग काय करायचं, डोंगळे वाळू द्यायचे?"

"तसं नाही... पण आता कोणाले टाईम हाय सांगा."

म्हटलं, मग नळी टाकून तुमच्या पंपाचं तासभर पाणी द्या. तर म्हणे, दुसऱ्याच्या वावरात पाणी दिलं की सोलर काढून नेतात.

"कोण म्हणलं?"

"म्हणतात."

पुढच्या तीन घरांत हेच— म्हणतात! कोण म्हणतं ते कोणालाच ठाऊक नाही. पण भीती सगळ्यांना पक्की. एरवी दिवसभर पाणी नाल्यात जातंय, पाटात उतू जातंय, त्याचं काही नाही!

एका घरात तर सुनेने मला ओळखलंच नाही. "कोण पाह्यजे?" म्हणाली. तिच्या लग्नाच्या दिवशी पहाटे लाईन आली होती. मांडवातल्या टाक्या मी फोन करून भरून घेतल्या होत्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

गुलाबभाऊंचा फोन आला. उचलला नाही. काय सांगू?

२६ जानेवारी, सोमवार

आज तोंड सुटलं माझं.

शाळेत झेंडावंदन झालं. सरपंचांनी भाषणात सांगितलं की आपलं शिवार सौर झालं, रात्रीचं जागरण संपलं, गाव सुखी. टाळ्या. मी उठून उभी राहिले. ह्यांनी पदर ओढला. ओढू देत!

म्हटलं, "चौदा वर्षं तुम्हाला झोपेतून उठवलं मी. कधी ताप होता, कधी घरात मयत होतं, तरी फोन चुकला नाही. आज एक माणूस डीपीवर उरलाय. त्याची फुलं वाळायला लागली. तुमचं भागलं म्हणून तो मेला का? एक दिवस तुम्ही उठा!"

पोरांच्या हातातली बुंदीची पुडकी तशीच राहिली. हे वाटेत एकच बोलले, "जास्तच झालं." मग घरी आल्यावर माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं.

२९ जानेवारी, गुरुवार

आले! सात जण आले. आठवे हे.

उत्तमराव ट्रॅक्टर घेऊन सगळ्यात आधी. मला बघून म्हणाला, "वहिनी, लई झणझणीत बोलल्या तुम्ही. दोन दिवस जेवण गेलं नाही." म्हटलं, पोट बघून तसं वाटत नाही. हसले सगळे. किती महिन्यांनी ऐकलं असं हसू!

डीपी उतरवताना दोर सुटला, उत्तमरावचा हात सोलला. हळद लावून परत जागेवर. संध्याकाळी दुसरी घेऊन आले, वर चढवली. गुलाबभाऊ आले नव्हते. कणकण आहे म्हणे.

मी मोठी किटली मांडली. पण चहा उभ्याउभ्याच झाला. पिठल्याचं विचारलं तर, "नको वहिनी, घरी मालिका चालू झाली असन." पाच मिनिटांत रस्ता रिकामा. निम्मा चहा ओतून दिला.

काम झालं ना? मग मी रडत कशाला बसले?

३१ जानेवारी, शनिवार

साडेआठ. तिन्ही दिवे. लगेच नंबर लावला.

"गुलाबभाऊ, लाईन आली."

"आली का, ताई! आली का!" जवळजवळ ओरडलेच. "करतो चालू. आत्ता करतो."

पिकाचा माणूस. पाण्यासाठी जीव कसा तुटतो! मलाच लाज वाटली की आपल्याला सतरा दिवस लागले.

१ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना म्हटलं, मंगळवारी मला नाल्यापर्यंत गाडीवर सोडा. डोंगळे बघायचेत. एवढी भांडले ज्याच्यासाठी, ते डोळ्यांनी बघू तरी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डोंगळे नाहीत. वावर पडीक. वाळलं गवत कमरेएवढं. विहिरीवर मोटर नाही, ती खोलीत पोत्यात बांधलेली. आठ माणसांनी डीपी वाहून आणली, आणि इथे— माझं डोकं फिरलं.

गुलाबभाऊ खाटेवर बसले होते. वर बघेनात. म्हणाले, "पोळ्यालेच काढली मोटर, ताई. तानी गेली, मंग कोणासाठी लावू? पण हे सांगतलं असतं, तर तुमचा फोन कायले आला असता?"

चूल पेटवली, दोघांपुरता चहा केला.

परत येताना नाल्याजवळ उत्तमराव भेटला. हाताला पट्टी तशीच.

"काय म्हणतात डोंगळे, वहिनी?"

"फुललेत," म्हटलं.