दिवाणखान्यातला समुद्र

श्ट्राउबिंग,
पेंटेकॉस्टच्या सणानंतरचा मंगळवार

प्रिय आफ्रे,

थोरल्या बहिणीचा तुला उदंड आशीर्वाद. देवाच्या दयेने आणि मारियामातेच्या नजरेखाली आम्ही दोघं सुखरूप आहोत, माझा गुडघा सोडून. पण त्याचं मी देवाला सांगत नाही, त्याला मोठी कामं आहेत. तुझा खोकला कसा आहे? बेटावरचा वारा उघड्या गळ्याने खात फिरू नकोस. तुझ्या एन्नोंना नमस्कार सांग. (माणूस लुथरपंथी असला तरी चहा फार चांगला करतो असं तूच लिहितेस, तेव्हा स्वर्गात त्यांची कुठेतरी सोय होईलच.)

तुझ्या साठीच्या वाढदिवसाला आम्ही येणार म्हणून तू फेरीबोटीच्या धक्क्यावर उभी राहिलीस, आणि मी फोनवर "मासे आजारी आहेत, येत नाही" एवढंच बोलून फोन ठेवला. तू रागावली असशील. मीही रागावले असते. पण जास्त बोलले असते तर रडले असते, आणि लांबच्या फोनवर रडणं मला परवडत नाही. पत्रात काय, एका तिकिटात हवं तेवढं बसतं.

तर मूळ दोष तुझ्या भावोजींचा. तू लग्न करून बाल्ट्रुम बेटावर गेलीस तेव्हापासून मी कपडे वाळत घालताना, बटाटे सोलताना, जपमाळ ओढतानासुद्धा म्हणायचे, "आफ्रा आता समुद्राकडे बघत असेल." माझ्या वेंडेलिननी ते ऐकून घेतलं. मग लाकडाच्या वखारीतून निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी आजीचं कपाट दिवाणखान्यातून हलवलं आणि तिथे काचेची एक प्रचंड पेटी आणून ठेवली. म्हणाले, "घे झेंझी, हा तुझा समुद्र. आता तरी जेवताना गप्प बस." आत खडक, वाळू, नारिंगी माशांची एक जोडी, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि प्रवाळ. आफ्रे, प्रवाळ म्हणजे मला चर्चमध्ये मिस्सेला घालायच्या माळेतले मणी वाटायचे. हे तर जिवंत! फुलांसारखे उमलतात, मिटतात, आणि औषधापेक्षा महाग असतात. (महिन्याचा खर्च मी 'मासे' या सदरात लिहिला, तर तुझे भावोजी म्हणतात, "अगं, खाल्ले कुठे आपण?" मग 'धर्मादाय' खाली लिहिला.)

वर निळा दिवा. संध्याकाळी आमचा दिवाणखाना असा निळा होतो की समोरच्या कुफ्नरबाईंनी फादरना जाऊन विचारलं, या दोघांनी म्हातारपणी नाचघर उघडलं की काय. फादर मुद्दाम बघायला आले, माशांसमोर तासभर बसले आणि प्रवचनात देवाच्या निर्मितीवर इतकं बोलले की आमचं रविवारचं मांस करपलं.

आता खरी गोम. समुद्र घरी आला आणि समुद्रावर जाणं बंद झालं! या पाण्याला एक दिवस सोडून जाता येत नाही. पाणी रोज उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून रोज गोडं पाणी घालायचं. नाहीतर खारटपणा वाढून सगळे संपले. तुझ्याकडे यायचं म्हणून मी कुफ्नरबाईंना शिकवायला घेतलं.

"खाऱ्या पाण्यात गोडं?" त्या म्हणाल्या. "झेंझी, सूप आटलं की मी त्यात सूपच घालते बाई."

"सूप मरत नाही, कुफ्नरबाई."

"तू माझं प्यायलेलं नाहीस."

शेवटी त्या तयार झाल्या. बॅगा भरल्या. तुझ्यासाठी धुरावलेलं डुकराचं मांस बांधलं, कारण तिकडे फक्त हेरिंग मासे खाऊन तू वाळली असशील. आणि निघायच्या आदल्या दिवशी मला काही राहवेना. एवढे जीव कुफ्नरबाईंच्या हवाली करायचे, तर थोडे देवाच्याही हवाली करावेत. दाराशी आजीचं तांब्याचं भांडं आहे ना, ईस्टरचं पवित्र पाणी ठेवायचं? ते घेतलं, क्रूसाची खूण केली आणि सगळं पाणी पेटीत ओतलं. (शिंपडायला हवं होतं. पण म्हटलं, मोठा प्रवास आहे, हात आखडता नको. जन्मात एकदा सढळ झाले!)

दुपारपर्यंत प्रवाळ मिटले. सगळे. जणू कोणी घराचे पडदे ओढून घेतले. आणि वाळूवर कोळंबी आडवी, पाय वर, आरपार दिसेल इतकी फिकी. तुझ्या भावोजींनी दुकानदार श्ट्रोबलना फोन लावला. तिकडून ते इतके ओरडले की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं: "तांबं? अहो, तांबं म्हणजे या जिवांना विष! कोणी घातलं?" तुझे भावोजी माझ्याकडे बघत म्हणाले, "चर्चने." आपल्या आजीने जन्मभर त्याच भांड्यात बोटं बुडवली आणि ती नव्वदी ओलांडून गेली. पण आजी प्रवाळ नव्हती.

मग बॅगा बाजूला. पाणी काढ, नवं मिठाचं पाणी बनव, विष शोषायला कोळशाची पिशवी सोड. तू धक्क्यावर उभी होतीस तेव्हा मी बादली घेऊन गुडघ्यावर होते, आणि ते प्रार्थनेसाठी नव्हे. कोळंबीला मी खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत पुरलं, मेणबत्ती लावली (अर्धी, उरलेली तुझ्या नावाची ठेवलीय), आणि तुझे भावोजी टोपी काढून उभे राहिले. तेवढ्यात त्यांनी मला कोपराने ढोसलं. खडकामागून कोळंबी चालत येत होती! नवी कोरी, मिशा हलवत. श्ट्रोबल म्हणतात ती अधूनमधून अंगावरचं कवच टाकते. मी पुरलं ते रिकामं कवच. मी फादरना विचारलं, कवचासाठी मृतात्म्याची प्रार्थना म्हटली तर पाप लागतं का. ते बराच वेळ रुमालात खोकत होते.

प्रवाळ मात्र आज सकाळी उमलले. मी विणकाम घेऊन समोर बसले. पंप घरघरतो, प्रवाळ डोलतात, आणि डोळे मिटले की तुझ्या फोनमागून ऐकू येतो तसाच आवाज येतो. मग उघडले की शेजारची खुर्ची रिकामी. लहानपणी आपण दोघींनी धुण्याच्या टबात आईचं अख्खं मीठ ओतून समुद्र केला होता, आठवतं? पाय बुडवून बसलो होतो, तू म्हणालीस, "झेंझी, पलीकडचा किनारा दिसतोय." आईने आपल्याला बदडलं आणि पाणी फुकट जायला नको म्हणून त्यातच बटाटे उकडले. बाबा म्हणाले, आज मीठ बरोबर पडलंय. तो एकच समुद्र आपण मिळून पाहिला, आफ्रे. पुढचा तू एकटीने पाहिलास, आणि हा मी.

देव तुम्हा दोघांना सांभाळो.

तुझी थोरली,
क्रेसेंझ (झेंझी)

ता. क. आम्हाला येता येत नाही, तेव्हा तूच ये. येताना दोन कॅन समुद्राचं पाणी आण. तुझ्या दारात फुकट वाहतंय आणि मी इथे बादलीभर मीठ विकत आणते, याने मला झोप येत नाही.

ता. क. तुझ्या भावोजींनी माझ्या खांद्यावरून वाचलं (चष्मा शोधत होते म्हणे). म्हणतात, तुमचा समुद्र थंड आणि गढूळ, या प्रवाळांना चालायचा नाही. तेव्हा पाणी आणू नकोस.

ता. क. काहीच आणू नकोस. नुसती ये. आईचा टब अजून तळघरात आहे. मीठ माझं.