गोमाजीच्या होडीची नाळ

ठाणे, श्रावण शुद्ध त्रयोदशी

प्रिय श्रीपाद,

माजिवड्याला तू शेटजींसाठी बांधलेल्या त्या बंगल्याची वास्तुशांत होऊन दोन महिने झाले. तू आपणहून बोलशील म्हणून मी गप्प बसले. तुझी पत्रं आली. लग्नाची तारीख, मंगळसूत्र, दादरची बिऱ्हाडाची जागा, सगळं होतं त्यांत. तेवढं एक नव्हतं.

कोळीवाड्यातली बालवाडी आठवते ना? तू नुकताच आर्किटेक्ट झाला होतास आणि मला, एका मास्तरणीला, ऐकवायचास की घर तिथल्याच मातीतून उगवायला हवं. भट्टीवरच्या तुटक्या विटा, शिंपल्या भाजून केलेला चुना, पडक्या घरांची कौलं. लाकूड तेवढं कमी पडलं. हे लोक जुनी होडी चुलीत घालत नाहीत, जिनं पोसलं तिला जाळायची कशी म्हणतात. पण पोरांच्या डोक्यावर छप्पर होईल म्हटल्यावर घरोघरच्या फळ्या निघाल्या. गोमाजीनं तर वडलांच्या होडीची नाळ, पाणी कापणारं तिचं पुढचं टोक, आणून दिली. ती तू दारावर बसवलीस. त्याच दिवशी मी तुला मनानं वरलं.

चैत्रात तू ती दुरुस्तीला म्हणून उतरवलीस. मग सांगितलंस, वाळवीनं पोखरली, खाडीत सोडून दिली. गोमाजीनं घरचं माणूस गेल्यासारखी आंघोळ केली रे! त्याच्या बायकोला, शेवंतीला, शंका आली होती. मीच तिला म्हटलं, श्रीपाद खोटं बोलायचा नाही.

आणि वास्तुशांतीला पाहते तर शेटजींच्या दिवाणखान्यात ती! पॉलिश केलेली, खाली पितळी समई. टाकाऊतून काय कला केली म्हणून पाहुणे तुझं कौतुक करत होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि साळसूदपणे सरबत पुढं केलंस. ते मी प्यायले, याचा अजून राग येतो.

काल मी गोमाजीला खरं सांगितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, “माजे बापासची होरी जिती हाय नं?” आणि शेवंतीला नारळ काढायला लावला. परवा नारळी पौर्णिमा. खाडीला नारळ वाहण्याआधी सगळा कोळीवाडा वाजतगाजत माजिवड्याला येतोय, तिची पूजा करून तिला घरी न्यायला. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. पळवाट शोधू नकोस. बंगल्याच्या पुढच्या दारात उभा राहा आणि ती तुझ्याच हातानं उतरवून दे. मीही असेन, पण त्यांच्या बाजूला. तुझ्या घरी विचारतील, ठरलेलं लग्न का मोडलं. सांग, वाळवी लागली.

कालपर्यंत तुझीच,
वासंती