आईचा शेक

१४ मार्च
माफ कर. दिवाळीपासून तुला उघडलंच नाही. आईच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, आणि तुझ्यात लिहिलं की ते खरं होईल असं वाटत राहिलं. आता भाई तिला घेऊन कोल्हापुरात खोली करून राहिलाय – रेडिएशनचे तीस दिवस. घरात आम्ही त्याला 'शेक' म्हणतो. मी इथे कणकवलीत, बारावीचे पेपर तपासत. रोज फोन. "आये, शेक झालो?" "झालो गो." तेवढ्याने बरं वाटतं.

१९ मार्च
आमच्या गावची, मिठबावची समीक्षा आज स्टाफरूममध्ये म्हणाली, "मॅडम, तुमच्या आवशीक काल देवळात बघितलंय. बऱ्या आसत मा?"
आई, काल! मिठबावात!

२० मार्च
पहिल्या एसटीने गेले. आई पडवीत बसलेली, गरम वाळूची पुरचुंडी मानेला लावून. कातडी लाल, दोन फोड. चौथ्या दिवशीच परतले होते! दोन आठवडे भाई मला फोनवर "सगळा बरा" सांगत राहिला. सख्खा भाऊ!
वर मलाच – "तूच सांगितलंस. उष्णतेन गाठ मरता, चांगल्या मांसाक काय होणा नाय. थंय ती त्या मशीनखाली रोज रडली. तू खंय होतंस?"

२१ मार्च
सांगितलं होतं, खरंय. जेवताना, वर्गात शिकवावं तसं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, आत शिरलेली उष्णता त्यांना बाहेर नेता येत नाही. चांगल्या भागात रक्त जोरात वाहतं, तो निवतो. म्हणून बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गाठीच्या पेशी आधी मरतात. पण ते यंत्राने, मोजून – आणि रेडिएशनच्या जोडीला! पुरचुंडीने कातडी भाजते, आतल्या गाठीला काही होत नाही.
'जोडीला' हे मी तेव्हा म्हटलं होतं का? आठवत नाही. म्हटलं असेल, असं लिहिणं सोपं आहे.
भाईचं एक वेळ समजेल. पण आई? रोज "झालो गो" म्हणत होती. ते जास्त लागलं.

२२ मार्च
शेवटी आईला विचारलंच – माझ्याशी खोटं का बोललीस?
तिने पुरचुंडी खाली ठेवली. "खोटा खंय गो? तू विचारलंस, शेक झालो? मी म्हटलंय, झालो. रोज घेतलंय. साधी गाठ आसा, शेकान जातली, असा तूच सांगितलंस मा? मगे शेकाक कोल्हापूर कित्याक?"
पुरचुंडी पुन्हा तापवायला ती चुलीकडे गेली.
रेडिएशनला शेक म्हणायचं, हे मीच ठरवलं होतं. भाईला शपथ घातली होती – तिच्यासमोर 'कॅन्सर' हा शब्द काढायचा नाही.

उद्या : चहा झाला की आईला तिच्या आजाराचं नाव सांगणे.