आधी गफूरभाईंचे शेअर

प्रिय अप्पा,

शरणार्थ.

तुम्ही जाऊन आठ महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. कालच लिहिणार होते, पण जमलं नाही. तुमच्या खात्यातले शेअर माझ्या नावावर झाल्याचा निरोप परवा आला. ते सांगायला मी काल गफूरभाईंच्या दुकानात गेले. तिथं त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर मला तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. बोलायचंय, आणि थोडं भांडायचंही आहे.

वारसदार म्हणून माझं नाव लावलंत, तेही मला न सांगता! अर्ज हातात आला तेव्हा 'सून' हा शब्द मी तीनदा वाचला.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही नांदेडहून लातूरला आमच्याकडे राहायला आलात ते दिवस? सासूबाई गेल्या होत्या. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासून तुम्ही निवृत्त झाला होतात. सामान म्हणजे दोन पेट्या, पूजेचं साहित्य आणि कंपन्यांच्या अहवालांचं एक गाठोडं. तुमच्या चिरंजीवांनी ते गाठोडं बघून कपाळाला हात लावला होता. ह्यांच्या लेखी शेअर म्हणजे सट्टाच. दिवसभर क्लासमध्ये पोरांना गणित शिकवणारा माणूस, पण घरात ह्या एका विषयावर हिशोब ऐकून घ्यायची तयारी नाही.

तुमची सकाळ ठरलेली. आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि सव्वानऊला बाजार उघडायच्या आत सगळं आटोपून गॅलरीतल्या खुर्चीत. भिंग घेऊन पेपर वाचायचा. पूजा लांबली की तुमची चुळबुळ मला स्वयंपाकघरातून कळायची.

एक दिवस तुम्ही अहवाल घेऊन ओट्यापाशी आलात. मी कणीक मळत होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, तू बीएस्सी हाईस ना? हे इंग्रजीत काय म्हणून राहिलेत, बघ जरा."

अप्पा, लग्नाला चौदा वर्षं झाली होती तेव्हा. कंधारच्या माहेरी मी पुस्तकं ठेवून आले, त्यानंतर मला काही वाचून सांग असं कुणी म्हणालं नव्हतं. शाळेच्या डायऱ्या आणि लाईटबिलं तेवढी वाचत होते. कणकेचे हात धुतले आणि ते पान वाचायला बसले. भाजी करपली. तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत आणि ह्यांनाही खायला लावलीत.

मग ते रोजचंच झालं. तुमचा नियम साधा होता. ज्या कंपनीची वस्तू आपण हातात धरली, किंवा आपल्या ओळखीच्या कुणी धरली, तिचाच शेअर बघायचा. दवाखान्याच्या वस्तू तुम्हाला कळायच्या, मशीनच्या गफूरभाईंना. ते इथं लातुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता मोबाईल आणि कॉम्प्युटरवर आलेले, आणि तुमचे नांदेडच्या शाळेपासूनचे दोस्त. मी वाचणारी. आपल्या तिघांचा बाजार गफूरभाईंच्या दुकानात चहाच्या तीन कपांवर भरायचा.

तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत ते अजून तसंच कानात आहे. "स्वस्त वेगळं आन् हलकं वेगळं. भाव पडलाय म्हणून घेऊ नको. माल चांगला हाय आन् लोकांचं लक्ष न्हाई, असं दिसलं तर घे." आपल्या अडतीवर तुरीचं होतं तसंच, म्हणालात. पावसाळी हवेत भाव पडतो, पण दाणा टणक असला तर जाणता माणूस गप घेऊन ठेवतो.

डायलिसिसच्या सुया आणि नळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा कंपनीचा शेअर निम्म्यावर आला होता, तेव्हा तुम्ही होता तो विकलाही नाहीत आणि नवा घेतलाही नाहीत. म्हणालात, जाऊन बघू. हैदराबादच्या अलीकडे तो कारखाना. आपण तिघं एसटीनं निघालो, बरोबर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ह्यांनी तर दोन दिवस तोंड फिरवलं होतं. वॉचमननं आत सोडलं नाही. मग तुम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलात आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बायांशी तुमच्या मोडक्या तेलुगूत बोललात. पगार वेळेवर होतो का, काम कमी झालंय का, एवढंच विचारलंत. एक बाई हसून म्हणाली की महिन्यापासून तिसरी पाळी लावलीय, पाय दुखून आलेत. तुम्ही तिला चहा पाजलात आणि परतीच्या गाडीत मला म्हणालात, "झाला आपला अहवाल वाचून."

तेच शेअर आता माझ्या नावावर आलेत. चांगले वाढलेत, अप्पा.

आता भांडणाचं सांगते.

रक्तपेशी मोजायचं यंत्र बनवणाऱ्या त्या दुसऱ्या कंपनीवर तुमचा जीव होता. का नसणार? वीस वर्षं तुम्ही सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पेशी एकेक करून मोजल्या. मग तुमच्या लॅबमध्ये ते यंत्र आलं. "ह्या यंत्रानं माझे डोळे राखले," असं तुम्ही पाहुण्यांनाही सांगायचात. तिचा शेअर पडला तेव्हा तुम्ही घेतलात, आणि तुमच्या शब्दावर गफूरभाईंनी तुमच्याहून जास्त घेतले.

त्या वर्षीचा अहवाल वाचताना मला मागच्या पानावर बारीक अक्षरांतली एक टीप दिसली. कंपनीचा बहुतेक माल एकाच ठिकाणी विकला जात होता, आणि ते ठिकाण म्हणजे मालकाच्या मेहुण्याची कंपनी. मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही अहवाल माझ्या हातातून ओढून घेतलात.

"चार पानं इंग्रजी वाचली म्हणून लॅब कळत न्हाई," म्हणालात.

एवढं लागेल असं तुम्ही मला त्याआधी कधी बोलला नव्हतात. मी तीन दिवस गॅलरीत आले नाही. चहा टेबलावर ठेवून निघून जायची.

चौथ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन निघालात. नांदेडला जातो, एवढंच सांगितलंत. बहात्तराव्या वर्षी एसटीनं नांदेड, भोकर, कंधार करून आलात. तुमच्या हाताखाली शिकलेल्यांच्या तिथं लॅब होत्या, तिथं जाऊन बसलात. सगळीकडे एकच ऐकलंत. ते यंत्र दोन वर्षांत कुणी नवं घेतलेलं नाही, जुन्याचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि कंपनीचा माणूस फिरकत नाही. म्हणजे माल मेहुण्याच्या गोदामात जाऊन पडत होता आणि कागदावर विक्री दिसत होती.

परत आलात तेव्हा चेहरा उतरला होता. चप्पलही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरी, तुझं बरोबर निघालं. माझं प्रेम आडवं आलं."

मला वाटलं, आता तुम्ही लगेच विकाल. पण दोन आठवडे गेले तरी तुमच्या खात्यात ते शेअर तसेच. मी एकदा विचारलं, तर बघू म्हणालात. दुसऱ्यांदा विचारलं, तर पेपर वर धरलात. मग एक दिवस बातमी आली की कंपनीच्या विक्रीची चौकशी लागली. त्यानंतर रोज बाजार उघडायचा, भाव खाली जायचा आणि घेणारा कुणी नसायचा. तुमचे सगळे अडकले. शेवटी गेले ते मातीमोल.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला चहा दिला आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं, अप्पा."

तुम्ही कप हातात घेतलात. "हाव पोरी. सांगितलं होतंस." आणि फुंकर घालून चहा प्यायलात.

माझं ते वाक्य काल दुपारपासून मला सोडत नाही. काय गरज होती मला तसं म्हणायची?

आणि ह्यांचं तर त्याहून पुढचं. उदगीरला माझ्या नणंदेकडे, आक्कांच्या मुलीच्या साखरपुड्यात, पंगतीत, चार पाहुण्यांसमोर हे म्हणाले की अप्पांनी हट्टापायी पेन्शनीचे पैसे बुडवले, सून सांगत होती तरी ऐकलं नाही. तुम्ही भात कालवत राहिलात. मी मान खाली घातली, पण खोटं कशाला सांगू, मनातून मला ते पटलं होतं. समोरच्या रांगेत गफूरभाई होते. ते अर्ध्या ताटावरून उठले आणि नंतर तुम्हाला हात धुवायच्या नळापाशी घेऊन गेले. ते डोळे पुसत होते. मला वाटलं, वांग्याची भाजी तिखट झालीय.

काल दुकानात मी त्यांना म्हणाले, सुयांच्या कंपनीचे शेअर अप्पांनी छान निवडले, फक्त त्या यंत्रवाल्या कंपनीचा हट्ट धरायला नको होता.

गफूरभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. चष्मा काढला.

मग म्हणाले, "बेटा, हट्ट नव्हता तो. त्यानं आधी मला बाहेर काढलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नांदेडहून परतलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात गेलात. म्हणालात, मी माझे काल विकून मोकळा झालो, आता तू विक, पण एकदम नको, रोज थोडे थोडे. लहान कंपनी, घेणारे मोजके. दोघांनी एकदम काढले असते तर भाव कोसळला असता, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही खोटं बोललात. दोन आठवडे रोज त्यांच्याजवळ बसून त्यांचे शेअर विकवून घेतलेत. त्यांचा शेवटचा शेअर गेला आणि तिसऱ्या दिवशी ती बातमी आली.

दुकान स्वतःच्या नावावर करायला साठवलेले पैसे होते ते, अप्पा. हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला होतं.

तुमचे शेअर विकलेच नव्हते, हे गफूरभाईंना त्या पंगतीत, ह्यांच्या तोंडून कळलं. नळापाशी ते तुमच्याशी भांडले. आत्ताच सगळ्यांना सांगतो म्हणाले. तुम्ही त्यांचा हात धरून ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या शब्दावर तू घेतले होतेस. घरी बोललास तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई." म्हणून तुम्ही होतात तोवर ते गप्प राहिले. तुम्ही गेल्यावरही आठ महिने त्यांना धीर होत नव्हता.

"हे दुकान माझ्या नावावर हाय ना बेटा," ते म्हणाले, "ते त्याच्यामुळं. आन् त्याला लोक अडाणी म्हणून राहिले होते, मी जेवत होतो."

चहा आला तो निवून गेला.

अप्पा, गफूरभाईंना तुम्ही सांगितलं नाहीत, ते समजू शकते. त्यांना कळलं असतं तर त्यांनी विकलेच नसते. पण मला का नाही सांगितलंत? मी तुमचे अहवाल वाचायची, तुमच्या चुका दाखवायची, आणि एवढी एक गोष्ट मला सांगण्याजोगी वाटली नाही तुम्हाला? की मी ह्यांना सांगेन अशी भीती होती? सांगितलं असतं मी. पंगतीत उभी राहून सांगितलं असतं.

काल संध्याकाळी हे क्लासवरून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी बुटाच्या नाड्याही सोडल्या नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मी त्यांना चारचौघांत बोललो होतो." आणि तुमच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत तुमच्यानंतर कुणी बसलं नव्हतं. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, उदगीरला आक्कांकडे जाऊन येऊ, त्या दिवशी पंगतीत जे होते त्यांना खरं काय ते कळायला पाहिजे. येत्या रविवारी आम्ही जातोय. गफूरभाईही येतो म्हणालेत.

इथलं आणखी एक सांगते. शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका मंगलताई माझं बघून थोडे थोडे शेअर घेऊ लागल्यात. कानात घालायच्या यंत्रांची एक कंपनी मी त्यांना सांगितली. त्यांच्या सासूबाईंच्या कानाला तेच यंत्र आहे, तीन वर्षांत एकदाही बिघडलेलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी पैसे घातलेत. तेव्हापासून मी अहवालाची मागची पानं आधी वाचते. रात्रीची झोप मात्र पूर्वीसारखी लागत नाही. तुम्हाला लागायची का हो?

तुम्हाला एक वचन देते. माझी चूक झाली, आणि ती कधीतरी होणारच, तर ज्यांना मी घ्यायला लावलं त्यांना आधी बाहेर काढीन. माझे मागून. हे तुमच्याकडून घेतलं.

पण तुमच्यासारखं लपवून ठेवणार नाही. घरात सांगेन, ह्यांच्या तोंडावर सांगेन. माणूस गेल्यावर आठ महिन्यांनी त्याचं मोठेपण कळावं, एवढा उशीर मी माझ्या माणसांच्या वाट्याला येऊ देणार नाही.

तुमची,
राजश्री
लातूर