कूलरजवळची खाट

प्रिय प्रीती,

माझ्या डाव्या घोट्याच्या थोडं वर, प्लास्टरच्या आत, एक जागा आहे. त्या जागेला सध्या खाज सुटली आहे. वैद्यकशास्त्राने माणसाचं हृदय बदलून दाखवलं, गुडघे तर आपल्या नागपुरात आता गल्लोगल्ली बदलून मिळतात. पण प्लास्टरच्या आतल्या खाजेवर सगळी विद्वत्ता मूग गिळून बसली आहे. या अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी, एवढीच माझी नम्र मागणी. घरातली फूटपट्टी तुझ्या बाबांनी लपवली. विणकामाची सुई लपवली. कंगव्याला लांब दांडा असतो हे ध्यानात आल्यावर कंगवाही कपाटावर चढला. वर मलाच ऐकवतात, "काहून वं, प्लास्टरमंदी काही खुपसू नका, आत जखम होते, हे तूच शिकवते ना पोरींले? मंग?" नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मूलतत्त्वं शिकवण्यात मी अर्धं आयुष्य घातलं, आणि त्यातला एकमेव विद्यार्थी असा घरात निघाला!

पत्र पाहून तुला हसू येईल. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आई, मुद्द्यावर ये," म्हणतेस आणि तुझा मुद्दा सांगून मोकळी होतेस. पुण्याच्या कंपनीत दिवसभर माणसांना त्यांच्या कामाचे गुण देऊन देऊन तुझी तीच सवय झाली असावी. पत्राला मधे तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

पडले कशी, ते तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलंच आहेस, पण निम्मंच. पूर्ण सत्य असं की मी "रुग्ण पडू नये म्हणून घ्यायची काळजी" हा पाठ घ्यायला चालले होते आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर वर्गाच्या दारातच आडवी झाले. पोरींना तो पाठ जन्मात विसरता यायचा नाही. एका पोरीने तर वहीत तारीखही घातली म्हणे.

दवाखान्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही, म्हणजे सुरुवातीला होती. वॉर्ड भरलेला, भिंतीकडेला खाली गाद्या टाकलेल्या, आणि एवढ्या सगळ्या बायांना मिळून एक सिस्टर. सिस्टरला बोलवायचं बटण होतं, पण ते भिंतीवर इतकं उंच की हात पोचायला आधी बरं व्हावं लागेल. मनगटाला बांधायच्या नावाच्या पट्ट्या संपलेल्या. त्यामुळे सगळ्यांची ओळख खाटेच्या नंबरावर. "ओ पाच नंबर, कूस बदला." "सात नंबर, जेवल्या का?" मी पडल्या पडल्या मनात गुण कापत होते. औषध देताना पेशंटला नाव सुचवायचं नाही, त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे आम्ही पहिल्याच महिन्यात घोकून घेतो. कारण आपल्याकडचा पेशंट पांढऱ्या कपड्यातल्या कुणालाही नाही म्हणत नाही. तुम्ही रुपराव का? हो. तुम्ही देवाजी का? हो. तुम्हाला त्रास नाही ना? नाही जी. वर्गात मी याची नक्कल करून दाखवते, पोरी पोट धरून हसतात.

त्यात मे महिना. वॉर्डात एकच कूलर, तोही एका टोकाला. माझी खाट दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या भिंतीशी. दुपारी ती भिंत तव्यासारखी तापायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे बाबा खापरखेड्याहून रात्रपाळी करून थेट आले ते काहीतरी ठरवूनच. कूलरजवळच्या खाटेवर सिंधूताई म्हणून पारशिवनीकडची म्हातारी होती. मांडीचं हाड मोडलेलं, वर साखरेचा आजार. बाबा तिच्याजवळ जाऊन लीन होऊन म्हणाले, "मावशी, आमच्या मॅडमले गर्मी सहन होत नाही." म्हातारी म्हणाली, "घेऊन घ्या ना बापा, मले तं हा वारा बाधून राहिला. कानात सुं सुं करते." झालं. वॉर्डबॉयच्या मदतीने खाटा तिथेच ठेवून आम्हा दोघींची अदलाबदल झाली. मी म्हटलं, अहो, सिस्टरला विचारा. तर म्हणाले, "तूच तं शिकवते, पेशंटले मोकळी हवा पाह्यजे! त्यात विचाराचं काय?" आमच्या शास्त्राचा पहिला सिद्धांत माझ्या नवऱ्याने असा कूलरला जुंपला. दुखण्याच्या इंजेक्शनने मला गुंगी येत होती, आणि खरं सांगू, वारा फार छान लागत होता.

जेवणाच्या आधी चिन्मयी आली. पहिल्या वर्षाची पोर, वॉर्डात नवी. दुसऱ्या कॉलेजची आहे, मला ओळखत नव्हती. तिच्याबरोबर सिस्टरने उभं राहायला हवं होतं, पण ऑपरेशन झालेली बाई त्याच वेळी वर आणली आणि सिस्टर तिकडे धावली, जाता जाता म्हणाली, "दोन नंबरचं इन्सुलिन देऊन टाक." दोन नंबर म्हणजे कूलरजवळची खाट. चिन्मयी माझ्यापाशी आली. "सिंधूताई ना?" असं विचारलं. आणि बाई, मी, नंदिनी मॅडम, जिची नक्कल साऱ्या बॅचेस करतात, ती गुंगीत म्हणाली, "हूं."

सुई गेली.

पलीकडच्या टोकाहून म्हातारीचा आवाज आला, "ओ पोरी, माही सुई राह्यली वं! का मले उपाशी मारतं?" चिन्मयीने वळून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळे उघडून पाहिलं तर पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. प्रीती, आता नीट वाच. त्या क्षणी मला काहीही होत नव्हतं. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. थोड्या वेळाने मला घाम फुटला असता, गळून गेले असते, जीभ जड झाली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, गर्मी हो, नाहीतर गुंगी हो, झोपू द्या बाईला. झोपूच दिलं असतं. पोरगी वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली, "सिस्टर, माझ्याकडून चुकीच्या पेशंटला इन्सुलिन गेलं!" सगळ्या माना वळल्या. मग धावपळ, बोटाला टोचून साखर तपासणं, ग्लुकोजचं पाणी, मग सलाईन, पुन्हा तपासणं. घाम यायचा तो आलाच, हातही कापले. पण ज्याची वाट पाहत सगळे उभे आहेत ते संकट फारसं मोठं होत नाही. संध्याकाळी मी भाकर मागितली.

चिडले मी? बेफाम. हात चालत नव्हता तरी तोंड चालत होतं. चिन्मयीला झापलं, "नाव वदवून घ्यायचं असतं एवढंही येत नाही?" सिस्टरला झापलं. पट्ट्या संपल्या म्हणून दवाखान्याला झापलं. बाबा बिचारे टिफिनचं झाकण लावत-काढत बसले होते. त्यांनी तुला फोन केला, आणि पुढे काय झालं ते मला घरी आल्यावर कळलं.

मला कळलं ते असं. दवाखान्याने कमिटी बसवली आहे. कमिटीसमोर माझ्या नावाने एक तक्रार आहे, इंग्रजीत, मोठी झोकदार. त्यात "त्या विद्यार्थिनीला तत्काळ काढून टाकावं" असं आहे. पट्ट्यांचा उल्लेख नाही. सिस्टर एकटी होती याचा नाही. खाटा बदलल्याचा तर नाहीच नाही. मी असं इंग्रजी लिहीत नाही, हे तुलाही माहीत आहे. चिन्मयीला वॉर्डात यायला मनाई केली आहे. होस्टेलवर तिच्या मैत्रिणी म्हणतात म्हणे, "मूर्ख, बोललीच काहून? गप बसली असती तं चाललं असतं." आणि हे ऐकल्यापासून माझा राग जागा बदलून बसला आहे. उद्या त्या पोरीला काढलं, तर तिच्या सगळ्या बॅचने एकच धडा शिकायचा: चुकलं तर तोंड शिवायचं. मग पुढच्या वेळी कुणाची तरी आई घामाघूम होऊन झोपेल, आणि कुणीही ओरडणार नाही. मी आणि माझ्यासारख्यांनी वर्गात काहीही शिकवलं तरी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. बाबांनी कूलरजवळच्या खाटेचा हट्ट कुणाच्या सांगण्यावरून धरला, ते काल त्यांनी कबूल केलं. तू फोनवर सांगितलंस, "बाबा, काहीही करा, आईला कूलरजवळ न्या." प्रेमाने सांगितलंस, माहीत आहे. मीही वारा खात गप्प पडून राहिले. त्या एका चुकीत आपण सगळे आहोत. शिक्षा मात्र एकाच पोरीच्या नावावर लिहिली जाते आहे, तीही आपल्या तिघांच्याही आधी खरं बोललेल्या पोरीच्या. मी कमिटीला माझं म्हणणं मराठीत, सहीनिशी पाठवलं आहे; खाटा आम्ही बदलल्या हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. तुझी तक्रार तू माझ्या नावाने केलीस, ती माझ्या नावानेच मागे घे. परवा कमिटी बसते, त्याआधी. रागावायचं असेल तर नंतर रागाव, मी प्लास्टरसकट इथेच आहे.

त्या दिवशी मी चिन्मयीला चुकीबद्दल भरपूर बोलले, पण ओरडून सांगितल्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. आज दुपारी वॉर्डातून तिचा नंबर मिळवून फोन केला आणि तेवढे मानले. तर ती म्हणाली, "मॅडम, मी परवा कमिटीसमोर येऊ, की बॅग भरू?" म्हटलं, युनिफॉर्मला इस्त्री कर, बाकीचं मी पाहते.

तुझीच, जागची न हलणारी,
आई