संस्कृतीच्या नावाचा कप

सात रस्ता, सोलापूर
२१ ऑगस्ट २०२५

जावईबापूंस सयाजीचा नमस्कार.

जहाज गोव्याला लागेल तेव्हा एजंटाच्या माणसाकडून हे पत्र आणि सोबतचा डबा तुला मिळेल. डब्यात आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या दिल्या आहेत. एकट्यानं संपवू नकोस. मेल मुद्दाम केली नाही. जहाजावर एकच संगणक, आणि मागं उभं राहून कोण वाचतंय याचा पत्ता नसतो, हे आपण दोघं जाणतो.

इकडं ठीक आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. त्यासाठीच मी समुद्राच्या मोजणीच्या या सफरीला सुट्टी घेतली आणि माझं काम तुझ्या हाती दिलं. आता तिला भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्यामुळं मला दिवसभर वेळ सांगत असते. परवा मोडनिंबहून तुझे वडील डाळिंबाची पेटी घेऊन आले होते. कोंडीबाकाका आमच्याकडं आता व्याह्यासारखे ऐसपैस बसतात. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरू म्हणाले. मी 'बघू' म्हणालो. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

तू कोचीहून पाठवलेला कप पोचला. त्यावर आमच्या संस्कृतीचं नाव, तुझी सही आणि खाली 'तीन हजार मीटर'. पोरगी हरखून गेली. शेजारच्या बायका बघायला आल्या, तर आईच त्यांची मास्तरीण झाली. "पोहरा सोडत्यात तसं यंत्र सोडत्यात की समुद्रात, तारंनं. पाणी कुटं किती गार, कुटं किती खारट, ते यंत्र सांगतंय. त्यालाच ह्यो थर्माकोलचा कप बांधायचा. खालचं पाणी त्याला असं दाबतंय, पार अंगठ्याएवढा हून वर येतोय."

मागच्या वर्षी मी आईच्या नावाचा कप तीन हजार मीटरला सोडला होता, तो आमच्या शोकेसमध्ये असतो. आईनं तुझा कप त्याच्या शेजारी ठेवला. नव्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सया, ह्यो लई मोठा ऱ्हायला की रं."

खरंच मोठा आहे, दिग्विजय. आईचा कप अंगठ्यावर टोपीसारखा बसतो. संस्कृतीच्या कपातून अजून घोटभर चहा पिता येईल.

मी तुझी बाजू घेऊन विचार केला. कपाची जात वेगळी असेल म्हणावं, तर दोन्ही एकाच पाकिटातले. बंदीमुळं हे कप आता मिळत नाहीत, म्हणून मी एका दुकानाच्या माळ्यावरचं जुनं पाकीट मागून आणलं होतं, आणि तू निघताना त्यातले निम्मे तुझ्या बॅगेत घातले होते. आत कागद कोंबला असेल म्हणावं, तर कागदानं कपाचा आकार सुधारतो, खोली लपत नाही. कसंही फिरवलं तरी एकच अर्थ निघतो. हा कप तीनचारशे मीटरच्या खाली गेलेला नाही. आणि कप यंत्रालाच बांधलेला होता.

एकदा मनात संशय शिरला की माणूस सगळीकडं बघायला लागतो. कप जिथं सोडलास त्या स्थानकाचा, म्हणजे समुद्रातल्या त्या मोजणीच्या जागेचा, आलेख तू मला कौतुकानं पाठवला होतास. तो मी आदल्या स्थानकाच्या आलेखावर ठेवून पाहिला. चारशे मीटरपर्यंत रेघा वेगळ्या आहेत. तिथून खाली तापमान आणि खारटपणा शेवटच्या दशांशापर्यंत तेच. खोल पाणी फारसं बदलत नाही हे मान्य, पण इतकं आज्ञाधारक पाणी मी कधी पाहिलेलं नाही. शिवाय नेमकं त्याच स्थानकाला यंत्रावरच्या बाटल्यांची झाकणं अडकली, आकडे ताडायला लागतात ते पाण्याचे नमुने आले नाहीत, असं तू कळवलंस. बाकी एकाही ठिकाणी अडकली नाहीत. कोचीहून फोन केलास तेव्हा जहाजावरच्या सांबारापर्यंत सगळं बोललास, त्या स्थानकाचं तेवढं नाव काढलं नाहीस.

जुलैचा समुद्र मला माहीत आहे. तार क्षणात ताणून क्षणात सैल पडायला लागली असेल, डेकवरून तार सांभाळणारा शिवप्पा ओरडला असेल, "वर घ्या की सर, तार तुटंल." वर घेतलं असशील तर बरोबरच केलंस. कुणाच्या अंगावर तार तुटण्यापेक्षा स्थानक अर्धं राहिलेलं परवडतं. 'समुद्र खवळला, चारशेला थांबलो' एवढं लिहायचं होतं. कुणी हसलं नसतं. त्याऐवजी खालच्या सगळ्या पाण्याचे आकडे तू खुर्चीत बसून भरलेस का? खालचं तापमान वर्षानुवर्षांत केसभर सरकतं. ते केसभर सापडावं म्हणून आपण महिना महिना उलट्या काढत फिरतो. तिथं कालचा आकडा आज चिकटवला, तर मग आपण जातो कशाला?

मी हे मुख्य शास्त्रज्ञांना कळवू शकलो असतो. अजून कळवलेलं नाही. हे स्थळ मी आणलं. "माझा मित्र आहे, डोळे झाकून मुलगी द्या" हे आईला मीच सांगितलं. सुपारी फुटली ती माझ्या शब्दावर. त्यामुळं तुझ्यावर संशय घेताना मला माझाच राग येतो. आणि भीती वाटते. उद्या तुमच्या संसारात काही बिघडलं, तर तू संस्कृतीला सांगशील, की कालचा चेहरा आज लावून बसशील? नोकरीचं एकवेळ बघता येईल. माझी झोप या प्रश्नानं गेली आहे.

संस्कृतीला मी काही बोललो नव्हतो. तिनंच रविवारी दोन्ही कप हातात घेऊन विचारलं, "दादा, तीन हजाराला एवढाच होतो?" मी म्हणालो, होतो कधी कधी. तुझ्यासाठी बहिणीशी खोटं बोललो. ती 'बरं' म्हणून आत गेली. तुझा कप तिनं शोकेसमध्ये परत ठेवला नाही.

आज डबा बांधत होतो, तेव्हा ती एक नवा कप घेऊन आली. आमच्याकडं राहिलेल्या त्याच पाकिटातला. त्यावर फक्त तिचं नाव आहे. म्हणाली, "त्यांना म्हणावं, खोली तुमीच लिहा. जिथवर जाईल तेवढीच." मग दारात थांबून म्हणाली, "मोठा राहिला तरी चालंल."

तो कप चटणीच्या पुडीशेजारी आहे, जपून काढ. गोव्यात आहेस तोवर मुख्य शास्त्रज्ञांकडं स्वतःच्या पायानं जा आणि त्या स्थानकाचे खोटे आकडे खोडायला लाव. तू गेला नाहीस तर मला लिहावं लागेल, आणि मोडनिंबला कोंडीबाकाकांसमोरही मलाच जाऊन बसावं लागेल.

मायन्यात सवयीनं 'जावईबापू' लिहून गेलो. खोडायला पेन उचललं होतं, पण ठेवून दिलं. ते राहतं की खोडलं जातं, ते आता तुझ्या हातात आहे.

अजून तरी तुझाच,
सयाजी