शाळेपर्यंतचं पाणी

मलकापूर, ५ जून

ती. शकुंतलाआत्यास,
वल्लरीचा शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. आमच्या ऑफिसात कृष्णेच्या खोऱ्याचा पूरनकाशा तयार झालाय, त्याची प्रत सोबत जोडलीय. नव्या रस्त्याचा भराव धरून हिशेब केला, तर मोठ्या पुरात पाणी त्याला अडून तुमच्या गावात फुगतं. तुझ्या घरात आढ्याला लागतं. पावसाळाभर मामांना घेऊन इकडे ये. माझ्या लग्नाचा विषय काढलास तरी रागावणार नाही.

तुझी,
वल्लरी

पिंपरवाडी, जि. सांगली, १९ जून

चि. वल्लरीस आत्याचे आशीर्वाद.

तुझा नकाशा ग्रामसभेत दाखवला. आधी हसले, मग भडकले. सरपंच मानसिंग म्हणाला, आवं काकू, गाव पुरात दाखवलं तर प्लॉट कोण घेणार, घराला परवानगी कोण देणार? भाचीला सांगा, पुराची रेघ जरा नदीकडं सरकवा. हरकतीवर निम्म्या गावानं सह्या केल्यात.

अर्धांगवायू झाल्यापासून ह्यांची खाट हलवली तरी रडतात गं. कुठं नेऊ? लग्नाचा विषय मात्र काढणारच.

माया असू दे.
आत्या

मलकापूर, २२ जुलै

ती. आत्यास शि. सा. न.

हरकतींनंतर पूररेषा सरकवली. मी सही नाकारली, दुसऱ्याची घेतली. छापील नकाशात तुमची शाळा सुरक्षित निवारा म्हणून दाखवलीय. ती सुरक्षित नाही. तिथं छातीभर पाणी येईल. वेळ आलीच, तर मामांना बिरोबाच्या माळावर न्या. रविवारी मी गाडी घेऊन येतेय. हट्ट करू नकोस.

वल्लरी

पिंपरवाडी, ३० ऑगस्ट

चि. वल्लरीस आशीर्वाद.

त्या रविवारी तू निघालीस तेव्हा रस्ताच पाण्याखाली होता. त्यात तुझी काय चूक?

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मानसिंग म्हणाला, शिक्क्याचा नकाशा खोटा कसा असंल? खाट उचलणारी माणसं शाळेकडं निघाली. मला एकटीला ह्यांना माळावर नेता येणार नव्हतं. मागोमाग गेले.

वर्गात पाणी शिरलं तशी बाकं रचून ह्यांना वर ठेवलं. मानसिंग छातीभर पाण्यात बाकं धरून उभा होता. बोट आली तेव्हा हे गार पडले होते.

आता शाळेला चुना मारलाय. लोक त्याच घरांत परत राहायला आलेत. जुनी रेषा परत आणा म्हणून अर्ज करू या, असं म्हटलं तर सगळे खाली बघतात. मानसिंगसुद्धा.

तू न्यायला येते म्हणतेस. आता मला अडवणारं कुणी नाही, पण निघावंसंच वाटत नाही.

अधूनमधून लिहीत जा, तेवढं पुरे.
तुझी आत्या